दुसऱ्याची बातमी

बाबा, आपल्या गावच्या टेकडीवर सरकारी टॉवर उभा राहिलाय आणि आता चुलीपुढे बसूनसुद्धा फोन लागतो. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. मी दर शनिवारी नाशिकहून पेठच्या एसटीने येते आणि समाजमंदिरात बायकांना फोन वापरायला शिकवते. योजना सरकारचीच आहे. मला दुसरी गावं देत होते, मी हट्टाने आपलं मागून घेतलं. वर्गात एखादी बाई अजूनही विचारते, "तू फोनवाल्याची पोर ना गं?" मी हो म्हणते, तेव्हा बरं वाटतं.

पोलिओने तुझा डावा पाय अधू झालेला, म्हणून अपंगांच्या कोट्यातून गावचा सार्वजनिक फोन तुला मिळाला होता. छपरावर अँटेना, ओटीवर स्टूल, स्टुलावर फोन. आसपासच्या पाड्यांना मिळून तेवढाच एक. दिवाळीनंतर निम्मं गाव दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायचं आणि मग तो दिवसभर वाजायचा. "तासाभरानं परत लाव, मी बोलावून आणतो," असं सांगून तू काठी उचलायचास. माणूस घेऊन परत यायचास तेव्हा तुझा सदरा पाठीला चिकटलेला असायचा.

त्या दिवशी तू खालच्या पाड्यावर गेला होतास. मी सहावीत होते. फोन वाजला, मी उचलला. पलीकडे बागेतला मुकादम होता. शेजारच्या मावशीचा मुलगा द्राक्षाच्या मांडवावरून पडला, पायाला लागलंय, नाशिकला दवाखान्यात नेलंय, एवढंच तो बोलला. एवढी मोठी बातमी पहिल्यांदाच माझ्या हाती आली होती. मी धावत सुटले. खळ्यावर दहाबारा बाया नागली झोडत होत्या. मी बांधावरूनच ओरडले, "मावशी, तुझा पोरगा पडला, दवाखान्यात नेलाय, लय सिरीयस हाय!" सिरीयस हा शब्द माझा होता. मावशीच्या हातातला दांडका गळून पडला आणि ती तिथेच, नागलीच्या कणसांवर बसली. बाकीच्या बायांनी मात्र गळा काढला, जणू पोरगा गेलाच.

तू आलास. मला वाटलं, आता मार बसणार. तू आधी मावशीला पाणी पाजलंस. मग तिला आपल्या ओटीवर आणून मुकादमाला परत फोन लावलास, सगळं नीट विचारून घेतलंस आणि तिला सांगितलंस, "पाय मोडलाय. पोरगा बोलतोय, च्या प्यायलाय." तेव्हा कुठे ती रडली. जीपने तिला घेऊन तूच नाशिकला गेलास. चौथ्या दिवशी परत आलास, अंघोळ केलीस आणि मला समोर बसवलंस.

"फोन कोणाचा?"

"आपला."

"सरकारचा. आन् बातमी कोणाची?"

मी स्टुलावरच्या फोनकडे पाहिलं.

"बातमी ज्याच्यासाठी आली, त्या माणसाची. चांगली आसो, वाईट आसो, ती दुसऱ्याची वस्तू हाय, बाय. चारचौघांत उघडायची नाय, आन् तिच्यात आपलं एक अक्षर घालायचं नाय."

एवढंच बोललास. मावशीचा पोरगा पुढे चालायला लागला, त्याचं लग्नही झालं. पण मी कितीतरी दिवस तिच्या घरावरून जायचं टाळत होते.

मागच्या शनिवारी वर्गात एका नव्या सुनेचा फोन वाजला. बिचारीचं शिक्षण दुसरीपर्यंतच, नवरा पिंपळगावच्या बागेत. तिने फोन माझ्या हातात दिला. "ताई, मेसेज आलाय, वाचा ना." मला वाटलं, बरं झालं, मेसेज कसा उघडायचा ते सगळ्यांना दाखवता येईल. मी मोठ्याने सुरुवात केली, "तू रागावलीस हे मला कळतंय..." आणि थांबले. पंधरा बाया कान देऊन बसलेल्या. पोरीची मान खाली गेली होती.

मी तिला बाहेर पायरीवर नेलं. हल्लीच्या फोनमध्ये मेसेज वाचून दाखवायची सोय असते, बाबा. बोट कुठे ठेवायचं ते मी तिला दाखवलं, आवाज बारीक केला आणि म्हटलं, "कानाला लाव. तुझं तू ऐक." तिने एकदा ऐकलं. मग स्वतःच बोट ठेवून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. पदराने डोळे पुसले आणि खुदकन हसली. मला म्हणाली, "ताई, आता मला कोणाला विचारायला नको ना?"

"नको," मी म्हटलं. आत येऊन मी बायांना तेच शिकवलं. त्या दिवशी दुसरं काहीच शिकवलं नाही.

हे मी वर्गाच्या हजेरीवहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. पानं फाडून घरी नेईन, कपाटात ठेवीन. कुठे पाठवायचं ते तर कळत नाही. पण तुझ्यापुढे खोटं कशाला बोलू? त्या पोरीच्या हातात फोन देण्याआधी, आतून पायरीपर्यंत जाताना, मी तो मेसेज शेवटपर्यंत वाचला होता.