आधी मनोरा की आधी पेले

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मनोरा. आणि दोन पेले. सकाळपासून मोबाईलमध्ये तोच फोटो बघतेय.

नाझनीननं पाठवलाय. आमची गल्ली एकच, शाळा वेगळ्या – ती उर्दू, मी मराठी. आता इथंच नांदेडला, इतवाऱ्यात पार्लर चालवते, आणि गिऱ्हाईक नसलं की टॅरोचे पत्ते मांडून भविष्य सांगते. "अम्मीला बोलू नको हां!" मीच म्हटलं होतं, माझ्यासाठी काढ. दोनच काढ. एक आतापर्यंतचं, एक पुढचं.

फोटोत डावीकडे वीज पडून ढासळणारा मनोरा, त्यातून माणसं खाली पडतायत. उजवीकडे एक बाई, एक बुवा, दोघांच्या हातात पेले, एकमेकांकडे बघतायत. खाली मेसेज – "समझी ना?" आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बाईसाहेब गायब!

प्रश्न एकच. बालाजींना हो म्हणायचं की नाही.

१९ नोव्हेंबर

बालाजी चाकूरचे. लाईनमन. बायको चार वर्षांपूर्वी वारली, आठ वर्षांची मुलगी आहे. दिवाळीनंतर तिला घेऊनच मला बघायला आले होते. आणि मी – वय तेहतीस, लॅब टेक्निशियन, एक घटस्फोट. देगलूरचं ते दोन वर्षांचं लग्न.

आईला रविवारी उत्तर पाहिजे. "माणूस चांगला हाय, सत्तावीस गुण जुळलेत. अजून काय पाहून राहिलीस?"

काय पाहतेय ते मलाच कळत नाही. देगलूरचाही चांगलाच होता की – पहिले सहा महिने!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर लोकांची शुगर, हिमोग्लोबिन काढायचं. आकड्याची शंका आली तर परत मशीनला लावायचं. आणि घरी येऊन दोन रंगीत पत्त्यांपुढे बसायचं! लाज वाटते. पण कळलं आज. मनोरा म्हणजे देगलूर. पडला, संपलं. पुढे पेले. इतकं सरळ आहे, उगीच तीन दिवस डोकं खाल्लं स्वतःचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

हो म्हटलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. पाच डिसेंबरला सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

घोळ झाला. मोठा घोळ!

पेढे घेऊन नाझनीनकडे गेले, म्हटलं भुवयाही करून घेऊ. खुश व्हायचं सोडून ती दोरा दातात धरून बघतच राहिली. "तू हो म्हणलीस? ते पत्ते बघून?" मी म्हटलं, हो ना, आधी मनोरा, मग पेले. "अगं येडे, उलटं वाचलंस! मी सीधे हाथनं मांडते ना. आधी प्याले, मग बुर्ज!"

उर्दू शाळेत शिकलेली पोरगी. वही उजवीकडून उघडते, गिऱ्हाइकांची नावं उजवीकडून लिहिते, मग पत्तेही तसेच मांडणार. पंचवीस वर्षं शेजारी बसून हे बघितलंय मी. आणि फोटो मात्र डावीकडून वाचला! म्हणजे पेले होऊन गेले. मनोरा अजून पडायचाय.

एका भुवईवरच उठून आले.

२७ नोव्हेंबर

बरं, पण पेले कधी होऊन गेले? देगलूरला? तिथं साधा चहाचा कप कुणी हातात दिला नाही! की बालाजी बघायला आले तोच दिवस पेल्यांचा, आणि लग्नानंतर मनोरा? की मांडणारीचं उजवं-डावं काही नसतंच, बघणाऱ्याचं खरं? नाझनीनला विचारलं. "मला काय माहीत, मी मोबाईलवर शिकले!" म्हणाली.

धड झोप नाही, धड काम नाही. एका काकांचं रक्त दोनदा काढलं आज.

२८ नोव्हेंबर

आईला सांगितलं. चूकच केली. "चित्रापायी सुपारी मोडतीस? लोक तोंडात शेण घालतील!" तासाभरानं भाजी निवडता निवडता आपणच – "त्या बुरजातली माणसं मरतेत का गं?"

आता दोघी घाबरलोय.

३० नोव्हेंबर, रविवार

खरं लिहिते. भीती पत्त्यांची नाही. मी परत चुकेन याची आहे. आणि या वेळी त्यात एक लहान मुलगी असेल. तिची आई एकदा गेलीय. मी दुसरी जाणारी ठरले तर?

शेवटी बालाजींना फोन केला. सगळं सांगितलं. भुवई सोडून सगळं. वाटलं, हसतील, नाहीतर चिडतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंगळवारी सुट्टी टाकून नांदेडला येतो. मलाबी एक सांगायचंय. फोनवर न्हाई."

काय सांगायचं असेल? हाच तो मनोरा, दुसरं काय!

२ डिसेंबर, मंगळवार

लॅबसमोरच्या हॉटेलात बसलो. चहा पुढे आला तसं त्यांनी सांगून टाकलं. आमच्या पत्रिका त्यांनी स्वतःच गुरुजींना दाखवल्या होत्या. छत्तीसपैकी नऊ गुण! गुरुजी म्हणाले, चुकूनसुद्धा करू नका. "घरी मी सत्तावीस सांगितले. तुमच्या आईलाबी." मी विचारलं, का? "त्या दिवशी तुम्ही आधी माझ्या पोरीशी बोललात. चाकूर येईपर्यंत ती तुमचंच सांगून राहिली. मग गुरुजीचं काय ऐकावं?"

घरी आले तर आई दारातच उभी. काय म्हणाले गं? मी म्हटलं, काही नाही. सत्तावीस गुण जुळलेत, कशाला घाबरतेस!