मुक्तानं उचललेला बेल-भंडारा

१२ मार्च २०२५
शिक्षा झाली. सहा महिने. तेवीस सालच्या भाताच्या आवणीत पाणी आधी कुणाच्या खाचरात, यावरून धाकट्या जावेचं मनगट मोडलं म्हणून. मी फक्त फावड्याचा दांडा उचलला होता. मनगट मुक्तानं आपणहून मधे घातलं. तूर्त जामीन मिळालाय. अपील करणार.
नात ज्ञानेश्वरी हे मोबाईलवर लिहून घेते. मला अक्षर येत नाही, म्हणजे ही रोजनिशी माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.

१९ मार्च
सुमंत वकील लई हुशार. म्हणाले, आजी, मार आवणीत आणि तक्रार सात महिन्यांनी. एवढ्या उशिराची तक्रार सावधपणे तोलावी लागते, ते खालच्या कोर्टातल्या साहेबांनी केलंच नाही. हा एक मुद्दा बास. फक्त कोर्टात तुम्ही गप्प बसा. म्हटलं, मी जन्माची गप्प. ज्ञानेश्वरीला ठसका लागला. हवा बदललीय.

२ एप्रिल
उशीर का, ते मुक्तानं खाली सांगितलं होतं. थोरल्या बाईंनी, म्हणजे मी, खंडोबापुढं बेल-भंडारा उचलायला लावला, नातवाचं, रविराजचं, लग्न होईस्तोवर पोलिसात जायचं नाही. वकील म्हणतात, याला साक्षीदार कुठाय? नाहीच. देवळात आम्ही दोघीच होतो. एवढा विचार करूनच नेलं होतं तिला. त्याच दुखऱ्या हातानं तिनं लग्नाचे गहू निवडले, चकार शब्द काढला नाही. लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी थेट ठाण्यात. शब्दाची इतकी पक्की निघेल असं वाटलं नव्हतं.

७ मे, सकाळी
संकल्प: गप्प बसायचा सराव. तोंडात सुपारी धरायची.
संध्याकाळी
सुपारी अकोले यायच्या आधीच संपली. वकिलांकडं जाताना एसटीत सगळी केस सांगितली. सगळ्यांचं मत पडलं, आजी निर्दोष. एक बाई म्हणाली, पण म्हातारी बोलते फार. मुक्ताच्या माहेरची असणार.

२४ जून
सुनावणी. वकील झकास बोलले. शेवटी म्हणाले, शपथेची गोष्ट बनावट, बेल-भंडारा कुणी उचललाच नाही. मुक्ता मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेली. माझं डोकंच फिरलं. उभी राहिले. म्हटलं, साहेब, मुक्ता लाख वाईट, पण देवापुढची शपथ खोटी म्हनायची न्हाई. मीच उचलायला लावला. ती अक्कल माझी हाय, हिला कुठली एवढी?
साहेबांनी पेन खाली ठेवलं. वकिलांनी डोळे मिटले. छाप पडली.

३० जून
अपील फेटाळलं. उशिराचं कारण खरं, खुद्द आरोपीच सांगते, असं म्हणे. वय बघून तुरुंग टळला. वर्षभर चांगलं वागायचा बॉण्ड, भांडले तर आत. त्याला जामीनदार हवा. रविराजला नेमकं पुण्यात काम निघालं. भाऊकीतल्या सगळ्यांचीच कंबर धरली. शेवटी मुक्ता म्हणाली, मी ऱ्हाते. पन आधी देवळात चला, बाई.

८ जुलै
आवणी सुरू. मुक्तानं बांध फोडून पाणी आधी आपल्या खाचरात घेतलं. मग सावकाश माझ्याकडं वळून विचारलं, थोरल्या बाई, काय म्हननं हाय का?
न्हाई, म्हटलं.
ज्ञानेश्वरी विचारते, आजी, आज एवढंच?
एवढंच.