जिभेखालचे चार थेंब

नवी पेठ, सोलापूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. विरुपाक्ष यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर रागावले असते तर तू ठेवून दिला असतास, म्हणून पत्र. शिवानीला बघायला पाहुणे आले आणि तू, मुलीचा बाप, सोफ्यावर घोरत पडलास! पोह्यांची बशी हातातून निसटली तरी पत्ता नाही. मुलाच्या आईनं, गिरिजाबाईंनी निरोप धाडलाय, की मुलगी पसंत आहे, पण दुपारीच पिणारा व्याही नको. खरं काय ते लिही. शिवानी फोनवर रडत नाही, उलट माझीच तब्येत विचारते. तेच मला लागतं.

तुझ्यावर चिडलेली तरी तुझीच,
दाक्षायणी अक्का

दुधनी
७ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

शपथ घेतो, थेंब प्यालो न्हाय. म्हणजे थेंबच प्यालो, पण तेलाचे! गुडघ्यासाठी मोबाइलवरून सीबीडी तेल मागवलं. भांगेच्या झाडाचं असतं, पण नशा येत न्हाय म्हणे. बाटलीवर हिरवं पान, शंभर टक्के नैसर्गिक. जिभेखाली चार थेंब. गुडघा दुखतोच, पण दुसऱ्या कुणाचा तरी दुखतोय असं वाटतं. रक्त पातळ करायची गोळी चालूच हाय. कालपासून हिरड्यांतून रक्त येतंय, तेवढं सोड.

कान नंतर धर, लोभ आत्ता असू दे.
तुझा विरुपाक्ष

सोलापूर
१९ फेब्रुवारी

चि. विरुपाक्षास आशीर्वाद.

तेवढं सोड म्हणे! पत्र मिळताच तुला इथल्या दवाखान्यात उचलून आणलं म्हणून निभावलं. डॉक्टरांचं बोलणं तू पेंगत ऐकलंस, म्हणून पुन्हा सांगते. अस्सल सीबीडीसुद्धा त्या गोळीचा जोर वाढवू शकतं, ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. तुझ्या बाटलीवर ना कारखान्याचा पत्ता, ना तपासणीचा दाखला. प्रयोगशाळेत निघालं काय, तर सीबीडी लिहिल्याच्या तिप्पट, वर झोपेचं औषध!

अहवाल आणि बाटली घेऊन मी गिरिजाबाईंकडे गेले. बाटली बघताच त्या उठल्या आणि नवऱ्याच्या उशीखालून तसलीच काढून आणली! बसप्पा हल्ली भांडत नाहीत म्हणून बाई नारळ फोडत होत्या. त्यांनी माफी मागितली, होकारही दिला. आता शिवानीला विचार.

जपून राहा.
अक्का

दुधनी
२५ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रक्त थांबलं, काळजी नसावी. शिवानीला विचारलं, तर म्हणाली, न विचारता माझ्या बापाला दारुडा ठरवलं, आता मुलाशी एकटी बोलेन, मगच सांगेन. मी भीतभीतच मुलाला फोन लावला.

काल तो मुलगा, प्रभू, आला. मी दाराआडून ऐकत होतो, रागावू नको. तो म्हणाला, तुझे बाबा आजारी असावेत असं मला तेव्हाच वाटलं होतं, पण आईपुढं बोललो न्हाय, चुकलं. शिवानीनं विचारलं, पुढं तरी बोलशील का? आज आईशी भांडूनच आलोय, म्हणाला.

मग ती बाहेर आली, चहाचे दोन कप घेऊन परत आत गेली. अक्का, दोघं बोलण्यात इतकी रमली, की बापाला कुणी चहा विचारला न्हाय. लई बरं वाटलं बघ.

तुझी माया अशीच राहू दे.
विरुपाक्ष