घरी कोण असं बोलतं?

प्रिय वहिनी,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे, आणि या घरातलं तक्रार खातं तुझ्याकडेच होतं. गेले आठ दिवस आपला टीव्ही जर्मन झालाय! तुझ्या लेकीने त्याची भाषा बदलून टाकली. म्हणे सवय व्हायला हवी. काल बातम्यांचा आवाज वाढवायला गेलो, तर चित्र हिरवं झालं. मंत्री, विरोधक, निवेदिका, सगळे अळवाच्या रंगाचे. सभ्य माणसाने किती सोसायचं?

हसलीस ना? हसून घे. पुढे हसण्यासारखं काही नाही, आणि हसवण्यापलीकडे मला काय येतं?

तन्वीची बारावी झाली. तिला परदेशी भाषा आणि भाषाशास्त्र शिकायचंय. दादाने जयगडच्या बंदरावरून फोनवर निकाल दिला, "भाषा शीक, पण त्यात शास्त्र कशाला?" शेजारचे नाना म्हणाले, "जर्मन? म्हणजे पोरगी हातची गेली." आत्याने मुंबईचं कॉलेज सुचवलं, कारण तिच्याकडे एक पलंग रिकामा आहे. कॉलेज असं निवडतात होय?

तन्वीचं मात्र ठरलं होतं. "काका, बाकी ठिकाणी भाषाशास्त्राचा एखादा पेपर, तोही शेवटच्या वर्षाला. पुण्याच्या या कॉलेजात जर्मनबरोबर पहिल्या वर्षापासून आहे. आणि तिथल्या बाई बोलींवर काम करतात."

"कुठल्या बोलींवर?"

"आपल्याकडच्या."

आपल्याकडच्या म्हणजे कुणाच्या, ते मी विचारलं नाही. रत्नागिरी शहरात, मांडवीला वाढलेला मी, माझी गणती शुद्ध बोलणाऱ्यांत! वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या वाडीतून आली होतीस ती तू.

मुलाखतीला पालक हवा होता, दादाला रजा नव्हती, म्हणून मी गेलो. दर रविवारी पेपरातल्या विनोदी सदरात पुणेकरांची सालटी काढणारा मी! स्वारगेटला उतरलो आणि जीभच बदलली बघ. रिक्षावाल्यालासुद्धा "आपण जरा डावीकडून घ्याल का?" असं म्हणालो.

तन्वी बघतच राहिली. "काका, तू असा काय बोलतोयस?"

"कसा?"

"नाटकातल्या वकिलासारखा."

तेव्हाच गप्प बसायला हवं होतं.

मुलाखत घेणाऱ्या त्याच बाई, बोलायला साध्या होत्या. तन्वीला म्हणाल्या, "घरातलं एखादं वाक्य ऐकव. जसं कानावर पडलंय तसंच." आणि तुझी लेक खुलली गं! मान किंचित तिरकी करून म्हणाली, "जेवलीस काय गो? तुज्या बापसानं फोन केलान काय?"

वहिनी, तूच! तोच हेल, तोच शेवट वर ओढलेला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वा! घरी कोण असं बोलतं?"

तन्वीने तोंड उघडलं होतं. तिच्याआधी मी बोललो. "छे छे, घरी कुणी नाही. कामाला एक बाई यायच्या, त्यांचं कानावर पडलं असेल."

कुणी विचारलं होतं मला? कुणी?

तन्वीने माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे. पुढच्या सगळ्या प्रश्नांना तिने एकेका शब्दात उत्तरं दिली. तरी जागा मिळाली. ती शनिवारपर्यंत नक्की करायची होती.

परतीच्या एसटीत आंबा घाट लागेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "काका, मी रत्नागिरीतच करते बी.ए. जे मिळेल त्यात."

"का गं? एवढी जागा मिळाल्ये…"

"तिकडे तीन वर्षं आईला कामवाली म्हणत राहणं मला नाही जमायचं."

मागच्या सीटवरच्या बाईनेही ऐकलं. बरं झालं ऐकलंन.

लाज म्हणजे काय असतं, यावर मी आजवर कितीतरी विनोद केलेत. त्यातला एकही त्या घाटात उपयोगी पडला नाही.

पाहुणे आले की तू आमच्यासारखं बोलायचीस, मोजून-मापून, ओठ जपून. आणि ते गेले की स्वयंपाकघरात लेकीशी तुझं खरं बोलणं सुरू व्हायचं. मी बाहेरून ऐकायचो आणि मला ती तुम्हा दोघींची गंमत वाटायची. गंमत! पाहुण्यांसमोर तुला बदलावं लागतं ते माझ्यासारख्यांमुळे, हे तू एकदा तरी तोंडावर का नाही सांगितलंस? एकदा झापायचं होतंस गं मला!

परवा बाईंना फोन केला. म्हटलं, "ती बोली माझ्या वहिनीची, तन्वीच्या आईची. मी खोटं बोललो."

त्या म्हणाल्या, "मला सांगितलंत, ठीक. मुलीला सांगितलंत का?"

मग तन्वीसमोर जाऊन उभा राहिलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलंन, घडी मोडलीन, पुन्हा घातलीन. म्हणाली, "मला कशाला सांगतोस? जिच्याबद्दल बोललास तिला सांग."

म्हणून हे पत्र.

आज सकाळी तिने पुण्याची जागा नक्की केलीन. मला माफ केलंन असं मात्र समजू नकोस. चहा देते, पण कप असा आदळते की बशी दचकते. अगदी तुझी लेक!

वहिनी, तुला शब्द देतो. तिला पोचवायला जाईन तेव्हा त्या बाईंसमोर, चार पोरांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या देखत सांगेन, ही माझ्या वहिनीची मुलगी, आणि ते वाक्य माझ्या वहिनीचं. माझ्या नेहमीच्या आवाजात सांगेन. वकील घरी ठेवून जाईन.

आणि एक. तुझ्या आजारपणात तुझ्या आईने पितळी डब्यातून कुळथाची पिठी धाडली होती. पिठी आम्ही संपवली, डबा माळ्यावर टाकला, आणि तू गेल्यावर त्या वाटेला कुणी फिरकलं नाही. आज तो खाली काढला, चिंचेने घासला. रिकामा कसा न्यायचा? नात कॉलेजात चालली, म्हणून साखर भरल्ये. उद्या पहिल्या एसटीने तन्वीला घेऊन तुझ्या माहेरी जातो आणि तो तुझ्या आईच्या हातात देतो.

तुझा,
भावजी