बाळाचे कान

सोलापूर,
ता. ११ फेब्रुवारी १९४७

चि. सारजेस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. शाळेत परीक्षा जवळ आल्यात आणि मुली अभ्यास सोडून बाकी सगळं करतात. तूर काढायला जाऊ नकोस म्हटलं होतं; गेली असशीलच. पाठीला तेल लाव.

तुझ्या धुरपदाच्या बाळाचं जावळ काढणं आणि कान टोचणं रविवारी तेरला आहे, हे तू आनंदानं कळवलंस. शेवटी सहज लिहिलंस, की रांगायला लागल्यापासून त्याच्या गुडघ्यांवर काळेनिळे डाग उठतात, अन् विहीणबाई म्हणतात, "कुणीतरी चिमटे काढतंय लेकराला."

चिमटे कुणी काढत नाही, सारजा.

आपला रेवण आठव. भाऊ डोळ्यांदेखत गेला. दुधाचा दात पडला आणि रक्त थांबलंच नाही. आईचा भाऊ, धोंडप्पामामा, विळा लागून तसाच गेला. अप्पा भानामती म्हणत राहिले. तू लिहितेस, ती पीडा आपल्या घरातच संपली, धुरपदा आता तेरची. लेक दिली म्हणून तिचं रक्त बदलत नाही.

कॉलेजात शिकले ते सांगते. आईबापांचं देणं मुलात गुणसूत्रांतून येतं. त्यातल्या एका प्रकारची बाईला दोन असतात, पुरुषाला एकच. बाईचं एक बिघडलं तरी दुसऱ्यावर भागतं. मुलाला आईकडून बिघडलेलंच आलं, तर सावरायला दुसरं नसतं; त्याचं रक्त लवकर गोठत नाही, जराशा दाबानंही आत साकळून डाग उठतात. आईकडून ते तुझ्यामाझ्यात आलं असेल, तुझ्याकडून धुरपदात. नसेलही. बघून कळत नाही. मी लग्न का केलं नाही, हे तू कितीदा विचारलंस. नोकरीचं कारण पुरेसं होतं.

यात आईचा दोष नाही, तुझाही नाही. पण तेरला हे सांगितलंस तर पोरीला माहेरी आणून घालतील. म्हणून एवढंच सांग: "अक्कानं तुळजाभवानीला नवस बोललाय. नवस फिटेपर्यंत लेकराला सुई न्हाय, वस्तरा न्हाय." नवसाला कुणी आडवं येणार नाही. माझ्या तोंडी नवस ऐकून हसून घे, पण शनिवारीच तेरला जा.

टपालाचा भरवसा नाही. नबीलालभाई तुमच्या बेंबळीला निघालेत, त्यांच्या हाती देते. तुझं तूच वाच.

तुला खोटं बोलायला लावणार नाही. वरचं लिहून मी उठले, हातपाय धुतले, तुळजापूरकडं तोंड केलं आणि बोलले.

तुझी,
नवसानं बांधलेली,
अक्का