एकतीस तारीख माझी, संक्रांत तानुबाईची

॥ श्री ॥

लिहून ठेवणार मनकर्णाबाई बेवा भगवंतराव ढगे, वय अंदाजे त्रेसष्ट, धंदा शेती व माळवं, राहणार मौजे सावरखेड, तालुका जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, प्रांत वऱ्हाड.

कारणे लिहून ठेवते की, माझी नजर थोडी कमी झाली आहे, बाकी डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी काय खाल्ले ते सांगू शकते आणि तीस वर्षांपूर्वी विहिरीवर कोण काय बोलले तेही सांगू शकते. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवूनही घेतलेले नाही. हात माझा, अक्षर माझे. माहेरी दुसरीपर्यंत शाळा झाली, म्हणून जोडाक्षर चुकेल तिथे वाचणाऱ्याने समजून घ्यावे. कागदाची रीत अर्जुनरावांनी सांगितली. ते जळगावच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितात आणि आमच्या गावचेच जावई आहेत. ते म्हणाले, "मनकर्णाबाई, थोडक्यात लिहा." मी हो म्हटले.

कलम पहिले. घराच्या दोन चुली आहेत. उगवतीकडची चूल व खोली माझी, मावळतीकडची तानुबाईची. तानुबाई म्हणजे माझी सवत. माझ्या लग्नाला दहा वर्षे झाली तरी कूस उजवली नाही, तेव्हा सासूबाईंनी ती आणली. माझी खोली मी निवृत्तीस देते. निवृत्ती तानुबाईच्या पोटचा, पण वाढला माझ्या मांडीवर. मला मोठी आई म्हणतो, तिला लहान आई. दोन चुलींमधल्या भिंतीत विस्तव द्यायघ्यायला एक झरोका आहे, तो बुजवू नये. त्यातून तिच्या फोडणीचा वास येतो. तिच्या फोडणीत लसूण नेहमी जास्त असतो आणि लोकांना तेच आवडते, असो.

कलम दुसरे. सोन्याची एकदाणी नातीस, म्हणजे निवृत्तीच्या रुख्मीस द्यावी. रुख्मी दहा वर्षांची आहे, चौथीत आहे, आणि न अडखळता वाचते. ती वाचायला बसली की मी दळण सोडून ऐकते. माझ्या एकदाणीत तानुबाईच्या एकदाणीपेक्षा दोन मणी कमी आहेत. मालकांनी दोन्ही एकाच सोनाराकडून केल्या होत्या. मी जन्मभर विचारले नाही, आता लिहून ठेवते.

कलम तिसरे. भाजीची तागडी, वजने, दोन खुरपी आणि वांग्याच्या बियांची बरणी सुनेस. पोस्टात जे काही असेल ते माझ्या दिवसकार्याला लावावे, उरले तर रुख्मीची पुस्तके घ्यावीत. मोठी परात शेजारच्या वच्छलाबाईकडे आहे, ती घरी आणावी. वच्छलाबाईस माझ्याकडून काही नाही. कारण पुढे येईल.

कलम चौथे. हे कलम लांब होईल, अर्जुनरावांनी राग मानू नये.

दोन चुली झाल्यावर मालक एक दिवस माझ्याकडे जेवत, एक दिवस तिच्याकडे. आधी पाळी वारावर होती, पण सात वार दोघींत सारखे बसत नाहीत. बाजाराचा वार कोणाचा, यावरून फार बोलाचाली होत. मग खामगावच्या आडत्याने मालकांना एक कॅलेंडर दिले, रोज एक पान फाडायचे. मालकांनी ते ओसरीत मधोमध खिळ्यावर लावले आणि सांगितले, "एक, तीन, पाच मनकर्णेच्या. दोन, चार, सहा तानूच्या. आता कोणी बोलायचं नाही." ज्या दिवशी जिची पाळी, पान तिने फाडायचे. पानात आम्ही हळद बांधून ठेवत असू.

आता त्यात गंमत अशी की, महिन्याला एकतीस तारीख आली की एकतीस माझी आणि दुसऱ्या दिवशी एक तारीख, तीही माझीच. वर्षात सात महिने असे. तानुबाईच्या हे एका वर्षाने लक्षात आले. त्या दिवशी तिच्याकडे भांडी जरा जोराने ठेवली गेली. मला झरोक्यातून ऐकू आले आणि मी पोळीवर तूप जास्त घातले. पण देवाने तिचीही सोय केली. संक्रांत दरसाल चौदा तारखेची, म्हणजे तिची. सण असा कायमचा माझा एकही नाही. नाताळ माझा आहे, पण आमच्यात करत नाहीत.

पानाच्या मागची बाजू कोरी असते. एका पानात हळद बांधताना मला वाटले, एवढी चांगली जागा वाया जाते. निवृत्तीची पेन्सिल घेऊन लिहिले:

आज बाजार.
वांगी सगळी गेली.
दोडकी परत आली.

तीनच ओळी, कारण पान तेवढेच असते आणि माझे अक्षर मोठे. वाचून मला इतका आनंद झाला की ते पान मी हळदीला दिले नाही, डब्यात ठेवले. मग रोज लिहू लागले, म्हणजे माझ्या तारखांना. पोळा असो, आखजीचा सण असो, म्हैस व्याली असो. या घरात लिहिता येणारी बाई मी एकटी, एवढीच माझी तिच्यावर सरशी होती. एका पावसाळ्यात पाहते तर तानुबाई निवृत्तीच्या पाटीवर अ गिरवून राहिली. मी विचारले, "काऊन वं, तुले काय करायचं त्याचं?" ती म्हणाली, "माह्याही पानाची मागची बाजू कोरीच राह्यते, अक्का."

वर्षभरात तिचाही डबा झाला. संक्रांतीला तिने लिहिले:

तीळ वाटले साऱ्यांले.
शेवटचा दाणा
माह्याच बोटाले चिकटला.

मी ते वाचले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिचे शब्द घरचे, तिला शाळा नाही, तरी ते इतके चांगले का होते हे मला आजवर समजले नाही. बायका विहिरीवर तिला म्हणायला लावीत. तिथेच वच्छलाबाई बोलली होती, "तानुबाईचं ऐकलं का गळा दाटते. मनकर्णाबाईचं ऐकलं का तारीख समजते." सगळ्या हसल्या. तानुबाई हसली नाही, हे मी पाहिले, आणि त्याचा मला जास्त राग आला. म्हणून परात आणावी.

पुढे आम्ही तारखा बदलू लागलो. पोळा तिच्या तारखेवर आला तर मी एक एकतीस देऊन तो घेत असे. भुलाबाईच्या गाण्यांच्या रात्रीसाठी मी एकदा तीन साध्या तारखा दिल्या. तिने साध्या तारखांवर असे काही लिहिले की भुलाबाई फिकी पडली. संक्रांत मात्र तिने कधी दिली नाही. मीही मागितली नाही. मागितले असते तर तिला कळले असते की मला हवी आहे.

मालक गेले त्याला सहा वर्षे झाली. आता जेवायची पाळी कोणाची उरली नाही, पण पानाची पाळी आहे. ती आम्ही मोडली नाही.

कलम पाचवे. माझा डबा, त्यातल्या सर्व पानांसह, रुख्मीस द्यावा. माझ्या हातचे माझे सर्वांत आवडते पान तिच्यावरच आहे, तेही इथे लिहिते, म्हणजे डबा हरवला तरी राहील:

रुख्मीचा दात पडला.
तिनं छपरावर फेकला.
चिमण्या आता हसतील.

हे तानुबाईलाही आवडले होते. तिने तोंडाने सांगितले नाही, पण दुसऱ्या दिवशी आपले पान कोरे ठेवले.

कलम सहावे. मी ज्या दिवशी जाईन ती तारीख जर दोन, चार, सहा अशी असली, तर पान तानुबाईचे, त्यावर माझा इलाज नाही. पण तारीख माझी असली तर ते पान कोरे ठेवावे, तसेच डब्यात टाकावे. तानुबाईने त्यास हात लावू नये. माझ्या मरणावर ती माझ्यापेक्षा चांगले लिहील आणि मला ते वाचता येणार नाही, हे मला सोसणार नाही.

इथवर काल तेरा तारखेस लिहिले. तेरा माझी, म्हणून मुद्दाम कालचा दिवस धरला होता. पण लिहिता लिहिता दिवे लागले. अर्जुनराव म्हणाले, "बाई, सही उद्या करा. तारीख सहीच्या दिवसाची पडते. परवा मी अकोल्याले चाललो, महिनाभर येत नाही." मी कागद तसाच ओसरीत वजनाखाली ठेवला.

आज सकाळी उठून पाहते तर तानुबाई कागद हातात घेऊन बसलेली. आज चौदा, संक्रांत. पान तिने फाडलेले होते, समोर ठेवले होते, काही लिहिले नव्हते.

ती म्हणाली, "अक्का, कोरं काऊन?"

मी म्हटले, "माझं पान आहे."

"तुमी गेल्यावर कोणाचं?"

"माझ्या नावानं राहील."

ती म्हणाली, "कोऱ्या पानावर नाव नसते, अक्का. हळद बांधतात त्याच्यात." आणि उठून आपल्या चुलीकडे गेली.

मी कागद पुन्हा वजनाखाली ठेवला. झरोक्यातून गुळाच्या पाकाचा वास येत होता. मृत्युपत्रावर आजची तारीख घालावी तर ती तिची. तिच्या तारखेवर माझी सही कशी पडणार? एवढ्या वर्षांत जे मागितले नाही ते मागायला मी तिच्या चुलीपाशी गेले. म्हटले, "तानू, आजची चौदा दे मले."

ती पाक ढवळत होती. म्हणाली, "काय देता?"

"एकतीस घे. दोन घे. साऱ्या एकतीस घे."

"नको. तुमची जायची तारीख द्या, कोणतीही असो."

मी म्हटले, "तू लय चांगलं लिहशील."

ती म्हणाली, "नाही लिहणार चांगलं. जसं येईल तसं येईल." मग म्हणाली, "आणि मी आधी गेली तर माह्यं पान तुमी लिहा. तारीख समजली तरी पुरे." वच्छलाबाईचे बोलणे तिच्याही लक्षात आहे, हे मला आज समजले. मला हसू आले आणि तिलाही आले. पाक लागला थोडा.

कलम सातवे. वरील कलम सहावे मी रद्द करते. ते खोडून काढले नाही, कारण कागद खराब दिसतो. माझ्या मरणाचे पान, तारीख कोणतीही पडो, तानुबाईने लिहावे. रुख्मीने ते मोठ्याने वाचावे. हा सौदा संक्रांतीच्या बदल्यात झाला आहे. मरण देऊन संक्रांत घेतली, तेव्हा मला महाग पडली असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे.

कलम आठवे. हे कलम काल लिहिणार नव्हते. माझ्या डब्यात एक पान आहे, सात तारखेचे, मालक गेले त्या दिवसाचे. मालक माझ्या चुलीपुढे, माझ्या पाळीला गेले. पान माझे होते. मला एक अक्षर सुचले नाही. ते पान फाडलेले ओसरीत तसेच पडले होते. तिसऱ्या दिवशी पाहिले तर मागे लिहिलेले:

मोटेचे बैल उभे.
पाणी अर्ध्या पाटात.
हाक कोणी मारावी.

अक्षर तानुबाईचे. मी फार चिडले, माझा तो दिवसही तिने घेतला म्हणून. चिडूनच डब्यात टाकले. वर्षश्राद्धाला निवृत्तीने माझा डबा उघडून तेच पान पंगतीसमोर वाचले, म्हणाला, "मोठ्या आईनं लिहिलं." वच्छलाबाईनेही डोळे पुसले, आणि मी गप्प राहिले. पहिल्यांदा माझ्या नावाने कोणाचा गळा दाटला होता, म्हणून मी गप्प राहिले. भांडी घासताना तानुबाईला म्हटले, "तू बोलली काऊन नाहीस?" ती म्हणाली, "तारीख तुमची होती, अक्का. पान तुमचंच."

तर सर्वांनी समजून असावे की ते पान तानुबाईने लिहिलेले आहे. ते माझ्या डब्यातून काढून तिच्या डब्यात ठेवावे. मी जिवंत असताना हे माझ्याने होणार नाही, म्हणून मृत्युपत्रात लिहिते.

कलम नववे. आम्ही दोघीही नसू तेव्हा कॅलेंडर रुख्मीचे, साऱ्या तारखांसह. तिने पाळी लावू नये. पुढे तिला भाऊ होऊन भावजय आली तर तिला पेन्सिल द्यावी आणि आपल्याकडेही एक ठेवावी.

तानुबाईस साक्षीला सही करायची होती. अर्जुनराव म्हणाले, ज्याला कागदातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये, मागून वाद होतो. मी तिला विचारले, साक्ष हवी की पान. ती म्हणाली, पान. म्हणून तिची सही खाली नाही. ती माझ्या शेजारी बसली आहे आणि मी काय लिहिते ते वाचून राहिली आहे.

आजचे पान या कागदास मागे टाचले आहे. त्यावर माझ्या हाताने लिहिले ते असे:

चौदा तारीख मागून घेतली.
तीळ तेच, गूळ तोच.
आज तानूनं माझ्या हाती दिला.

तिने वाचले. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मग म्हणाली, "हे चांगलं झालं, अक्का." मला अजून खरे वाटत नाही, पण लिहून ठेवते.

हा माझा शेवटचा लेख. याआधी असा दुसरा कागद मी केलेला नाही.

सही: मनकर्णाबाई भगवंतराव ढगे

साक्ष: अर्जुनराव, अर्ज लिहिणारे, जळगाव जामोद. कागद बाईंनी माझ्यासमोर स्वतः लिहिला व सही केली. थोडक्यात लिहिला नाही.

साक्ष: अन्नपूर्णाबाई, देवळाजवळच्या, राहणार सावरखेड. निशाणी डावा अंगठा.

मुक्काम सावरखेड, तालुका जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा.
तारीख १४ माहे जानेवारी सन १९४२, बुधवार, मकरसंक्रांत.
तारीख तानुबाईची.