नंदनवनातले चार पाहुणे

जुनी मंगळवारी, नागपूर
दि. ८ फेब्रुवारी १९८२

ती. जिजाबाईस,
धाकटा भाऊ चंपत याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वामनराव भाऊजींचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. माझ्या गुडघ्याचं विचारू नको. टॉकीजच्या दारावर उभं राहून तिकिटं फाडायची, दुसरं काय करून राहिलो मी?

आमच्या टॉकीजले सध्या एक इंग्रजी पिक्चर लागलं आहे. त्याचा पहिला भाग मागं येऊन गेला, हा दुसरा. चार-पाच म्हातारे असतात, भाड्यानं लढणारे. पहिल्या भागात थकून घरी बसतात. या भागात एक मोठा माणूस त्याइले शोधत येते अन् म्हणते, काम तुमच्याशिवाय होत नाही. मंग काय, पिकल्या केसांचे ते बुढे जवान पोरांच्या फौजा लोळवतात. भाषा समजत नाही, पण मार समजते. मी धोंडबाले, गणपतरावले अन् ओमप्रकाशले फुकट आत सोडलं. तुले ठाऊकच आहे, मालगुजारांची जमीनदारी होती त्या वेळी आम्ही चौघं ज्याच्या दाराशी उभे राहिलो, त्यानं सांजेच्या आत घर खाली केलं. पिक्चर सुटल्यावर धोंडबा जिना उतरताना कठड्याले हात न लावता उतरला. नंतर दोन दिवस झोपून होता, ती गोष्ट वेगळी.

अन् योग पाहा. त्याच आठवड्यात धरमपेठेतले मधुकरराव टॉकीजवर मले शोधत आले. नंदनवनाच्या नव्या वस्तीत त्याइनं प्लॉट घेतला आहे. त्यावर दोन खोल्या आहेत, भाडेकरू हटत नाही. कोर्टाले वर्षं लागतील. म्हणाले, हे काम तुमच्या चौकडीशिवाय होत नाही. कोणाले हात लावायचा नाही, नुसतं जाऊन उभं राहायचं. फार झालं तर चार भांडी बाहेर ठेवायची. बाई, किती वर्षांनी कोणी मले पहिलवान म्हणलं! मी हो म्हणलो. मिशीले कलपही लावला आहे.

भाऊजीले यातलं काही बोलू नको. लोभ आहेच, तो माझ्या मिशीसारखा काळाभोर राहावा.

तुझा,
चंपत

*

मौदा
दि. १७ फेब्रुवारी १९८२

चि. चंपतास,
जिजाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मले हसावं का रडावं समजलं नाही. साठीले आलास गा तू! पिक्चरमधले बुढे पडले तर त्यांच्याखाली गाद्या असतात. तुझ्याखाली कोण गादी टाकते? अन् सारं लिहिलंस, पण त्या घरात राहते कोण, हे काहून लिहिलं नाहीस? तुले माहीत नसेल, तर तू विचारलं नाहीस. माहीत असेल, तर लिहायची लाज वाटली.

तुझ्या भाऊजींनी या घरात तुझं नाव घेणं कधीच बंद केलं, ते तुले ठाऊक आहे. जावाजावांत मी तुले टॉकीजचा मॅनेजर सांगते. ते तसंच राहू दे.

इकडची बातमी म्हणजे आमच्या रघुनाथभाऊजींच्या प्रभाकरसाठी मुली पाहणं सुरू आहे. पोरगा कोऑपरेटिव्ह बँकेत लागला. येत्या रविवारी माझे हे दीर अन् प्रभाकरचे मामा नागपूरले मुलगी पाहायले येऊन राहिले. तेही नंदनवनातच. मुलीचं नाव गोपिका, बाप नाही, आईनं शिवणकाम करून मॅट्रिक केली म्हणतात. घरातल्या साऱ्याइले फोटो आवडला. रघुनाथभाऊजींनी तुले काठी घेऊन त्या रस्त्यावर पाहिलं, तर मी सासरी कोणतं तोंड दाखवू? त्या बाजूले फिरकू नको. हे पत्र शनिवारपर्यंत मिळावं म्हणून आजच डब्यात टाकायले देते.

लोभ आहे म्हणूनच रागावते, असं समजून घे.

तुझी बहीण,
जिजा

*

नागपूर
दि. २३ फेब्रुवारी १९८२

ती. जिजाबाईस,
चंपतचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आम्ही रविवारी जाऊन आलो होतो. मौद्यात आतापर्यंत कळलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक.

रिक्षावाल्यानं आमाले पार दूर सोडलं. लेआउटमध्ये रस्ते नाहीत, नुसती गिट्टी. पोचेपर्यंत धोंडबाले दम लागला, अन् साखरेच्या बिमारीमुळे ओमप्रकाशचे पाय थरथरून राहिले होते. दारात ताजी रांगोळी होती. मी काठी आपटून आवाज देणार, तेवढ्यात एक बाई डोक्यावर पदर घेत बाहेर आली अन् म्हणाली, या, या, तुमचीच वाट पाहून राहिलो. चौघं मोठी माणसं एवढ्या उन्हात पायी आले, वळणावर माणूस पाठवला असता न.

मी तोंड उघडलं, पण तिनं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. अन् बाई, आमच्या तेल पाजलेल्या लाठ्या तिनं आमच्या हातातून घेतल्या. म्हणाली, या वयात काठी लागतेच, माझ्या सासऱ्याइलेही लागे. साऱ्या लाठ्या कोपऱ्यात नीट उभ्या करून ठेवल्या.

तिचं नाव इंदूबाई. आमाले सतरंजीवर बसवलं. पोहे आले, वर ओलं खोबरं. मी गणपतरावकडे पाहिलं, गणपतराव धोंडबाकडे पाहे. आता बोलू, मंग बोलू, असं करता करता मुलगी चहा घेऊन आली अन् एकेकाच्या पाया पडली. माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. धोंडबाले ऐकू कमी येते, त्याले वाटलं आम्ही खरंच कोणाच्या सोयरिकीले आलो. त्यानं तिले नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वेटर विणता येते का विचारलं. ती खाली पाहून सारं सांगत गेली. ओमप्रकाशनं बिटिया सुखी रहो म्हणून आशीर्वादही देऊन टाकला. मी मान वर केली नाही. भिंतीपाशी भांडी मांडून ठेवली होती, घासूनपुसून. तीच मले बाहेर फेकायची होती.

तेवढ्यात दारात तुझे रघुनाथभाऊजी अन् ते मामा उभे राहिले.

त्याइनं मले पाहताक्षणी ओळखलं. तुझ्या लग्नात अक्षता टाकल्या होत्या मी, कसे विसरतील? त्याइनं विचारलं, हा इथं काहून? इंदूबाई गोंधळली. म्हणाली, हे तुमच्याकडचेच न? रघुनाथभाऊजी म्हणाले, आमच्याकडचे? हे मालगुजाराचे लठैत, लाठीच्या जोरावर घरं खाली करणारे! ज्या घरात हे मांडी घालून पोहे खातात, त्या घरची मुलगी आमाले नको. जोडे काढलेच नव्हते, तसेच माघारी फिरले. इंदूबाई त्यांच्या मागं फाटकापर्यंत धावली, हात जोडले. ते थांबले नाहीत.

परत आली तेव्हा तिनं मले विचारलं की भाऊ, तुम्ही कोण?

बाई, तेव्हा तरी खरं सांगायचं. पण मी म्हणलो, पत्ता चुकला आमचा. एवढं म्हणून उठलो. तिनं कोपऱ्यातल्या काठ्या आणून आमच्या हातात दिल्या अन् म्हणाली, पायरी उंच आहे, जपून उतरा. मुलगी आतल्या खोलीत होती. तिचा आवाज येत नव्हता, म्हणून मले जास्त भेव वाटलं.

मी तेव्हापासून टॉकीजवर गेलो नाही. तू रघुनाथभाऊजीले सांगून पाहा की त्या बाईचा अन् आमचा काही संबंध नाही. माझ्यामुळे पोरीचं मोडलं. लोभ मागायले तोंड नाही, पण हे काम एवढं कर.

चंपत

*

मौदा
दि. १ मार्च १९८२

चि. चंपतास आशीर्वाद.

त्या रविवारी संध्याकाळपासून आमच्या घरात जे झालं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. रघुनाथभाऊजींनी साऱ्यांच्या समोर मले विचारलं, वहिनी, तुमचा मॅनेजर भाऊ सुटीच्या दिवशी हेच काम करते का? जाऊबाई पोळ्या लाटता लाटता हसली. मी पाणी आणायच्या निमित्तानं विहिरीवर गेले अन् बराच वेळ तिथंच उभी होते.

त्या बाईबद्दल गावात काय काय उठलं ते तुले सांगत नाही. विधवेच्या घरी चार लठैत पोहे खातात म्हणल्यावर लोक काय बोलणार, तूच समज. मी रघुनाथभाऊजींना समजावलं. ते म्हणतात, बहीण भावाची बाजू घेणारच. त्याले स्वतः इथं येऊन सांगू दे, कशाले गेला होता ते. तुझे भाऊजी सुपारी कातरत होते, ते म्हणाले की येणार नाही तो. अशी माणसं दुसऱ्याच्या दारात उभी राहू शकतात, स्वतःच्या गोष्टीपाशी नाही.

मले वाटते तू यावं. पण त्याआधी नंदनवनात जा. ज्या बाईले तू पत्ता चुकला म्हणलास, तिले आधी खरं सांग. माझ्या घरी माफी मागून तिच्याशी खोटं राहिलास, तर येऊच नको.

तुझ्यावरचा लोभ कुठं ठेवू ते मले आज समजत नाही.

जिजा

*

मौदा
दि. १६ मार्च १९८२

चि. चंपतास अनेक आशीर्वाद.

परवा तू गेलास तेव्हा मी भाकर बांधून देणार होते. बाहेर येईपर्यंत तू बस स्टँडच्या वाटेले लागला होता.

तुले दिसलं नसेल, पण मी स्वयंपाकघराच्या दाराआडच होते. कलप उतरून मिशी अर्धी काळी अर्धी पांढरी झालेली पाहिली अन् माझ्याच्यानं बाहेर येववलं नाही. खुर्ची दिली तरी तू बसला नाहीस. तू म्हणलास की इंदूबाई मले ओळखत नव्हत्या, मी त्यांचं सामान रस्त्यावर फेकायले गेलो होतो, त्यांनी पाहुणा समजून जेवू-खाऊ घातलं, अन् मी खोटं बोलून पळून आलो. काल जाऊन त्याइले खरं सांगितलं, त्याइनं ऐकून घेतलं अन् दार लावलं. एवढं झाल्यावर मामा उशिरा आले, तर रघुनाथभाऊजींनी तुले सारं पुन्हा सांगायले लावलं. अन् तू सांगितलंस. एक शब्द कमी केला नाहीस. तेव्हा जाऊबाई हसली नाही गा. माझ्या हातात उलथणं होतं, ते तसंच हातात राहिलं. भाऊ अंगणात उभा, अन् बहीण दाराआड! तुझ्याइतकी हिंमत मले झाली नाही.

तू गेल्यावर तुझे भाऊजी म्हणाले की त्याले चहा काहून दिला नाही? इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल त्यांचं हे पहिलं मायेचं वाक्य.

प्रभाकर त्याच रात्री बापाले म्हणाला की मुलीकडच्यांनी अनोळखी म्हाताऱ्याइले पाणी पाजलं, यात त्यांचं काय चुकलं? काल बापाच्या होकारानं जाऊबाई अन् प्रभाकर जाऊन मुलगी पसंत करून आले. वैशाखात लग्न, इथंच मौद्यात. इंदूबाई तुझ्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. गोपिकेनं मात्र जाऊबाईले विचारलं की ते ऐकू न येणारे आजोबा नीट घरी पोचले होते का.

त्या मधुकररावचं काय केलंस ते कळव. लोभ होताच, आता थोडा उजेडात आणला एवढंच.

तुझी,
जिजा

*

नागपूर
दि. १२ एप्रिल १९८२

ती. जिजाबाईस,
चंपतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

सोयरीक जमल्याचं वाचून मी तुझं पत्र गणपतरावच्या गोठ्यात साऱ्याइले वाचून दाखवलं. धोंडबाले दोनदा वाचून दाखवावं लागलं.

मधुकररावले मी नाही म्हणलं. त्याइनं वाद घातला नाही. नुसतं हसून म्हणाले की ठीक आहे पहिलवान, तुम्ही आराम करा. त्यातच मी समजलो. काल सकाळी ओमप्रकाशले बातमी लागली की दुसरी पोरं जाऊन राहिली. आम्ही चौघं गेलो. लाठ्या घरी ठेवल्या. इंदूबाईच्या दारासमोर पायरीवर ओळीनं बसलो. ती आत होती, आमच्याशी बोलली नाही, पण उठाही म्हणली नाही.

सहा-सात पोरं आली. म्होरक्याले पाहिलं तर आपल्याच आखाड्यातला. त्याले मी लंगोट बांधायले शिकवलं होतं. मी म्हणलो, आता आमच्या अंगावरून जा. मनात, खोटं काहून बोलू, ते पिक्चर होतं. वाटलं, चार तडाखे बसतील, डोकं फुटेल, पण दार सोडणार नाही.

बाई, त्यानं आधी वाकून माझ्या पायांना हात लावला. म्हणाला, उस्ताद, तुम्ही उन्हात बसू नका. मंग दोघांनी मिळून माझ्या बगलेत हात घातले अन् मले उचलून निंबाच्या सावलीत ठेवलं. धोंडबाले, गणपतरावले, ओमप्रकाशले, साऱ्याइले तसंच. अलगद. खाट उचलून ठेवतात तसं. मी हातपाय मारले, तर तो म्हणे, सांभाळा, गुडघा दुखेल. मले मारलं असतं तर बरं होतं.

मंग त्याइनं घर खाली केलं. आमच्यासारखंच, आवाज न करता. शिवणयंत्र, पेटी, भांडी, सारं गिट्टीवर. गोपिका मामाकडे वर्ध्याले गेली आहे, तिनं पाहिलं नाही एवढंच बरं.

पोरं गेल्यावर मी इंदूबाईसमोर जाऊन उभा राहिलो. तिनं शिवणयंत्राकडे बोट केलं अन् म्हणाली, आलेच आहात तर हे उचला.

गणपतरावनं गोठ्याशेजारची खोली मोकळी करून दिली आहे, लग्न होईपर्यंत तिथं राहील म्हणते. गणपतराव अन् ओमप्रकाशनं पेटी-भांडी घेतली, धोंडबानं गादी. शिवणयंत्र मी डोक्यावर घेतलं. ती पुढं चालत होती, मी मागं. मंगळवारीत शिरलो तसे ओळखीचे लोक दुकानातून पाहायले लागले. कोणी विचारलं, पहिलवान, कोणाचं सामान? इंदूबाई थांबली, मागं वळून माझ्याकडे पाहत उभी राहिली.

मी म्हणलो, ह्या बाईचं. हिचं घर गेलं. मले राखता आलं नाही.

मंग ती पुन्हा चालायले लागली.

लग्नाले मले बोलावण्याचा आग्रह धरू नको. भाऊजीले नमस्कार. लोभ किती ठेवायचा ते तू ठरव, मी आहे तेवढ्यात राहीन.

तुझा भाऊ,
चंपत